म्हसोबा हो म्हणेपर्यंत

५ जानेवारी २०१७, गुरुवार

ही डायरी दरवर्षी खताच्या दुकानातून फुकट मिळते आणि दरवर्षी हे तिच्यात युरियाच्या गोण्या लिहून ठेवतात. यंदा यांनी ती माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाले, "शेतच ऱ्हायलं नाय, मी काय लिहू? तू लिही. बारावी शिकलीस ना."

म्हणून लिहिते. आमची जमीन कंपन्यांच्या कामात गेली. बिडकीनला नवं घर बांधून झालंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं रस्त्याला लागून एक गाळा. त्या गाळ्यात माझी पिठाची गिरणी चालू होणार. पुंजाराम मिस्त्रींनी चौथरा बांधून मशीन पक्की बसवून दिली. वर प्लास्टिक टाकून ठेवलंय. मागच्या आठवड्यात मी जाऊन नुसता हात लावून आले. गार लोखंड, पण मला लई बरं वाटलं.

इथं वस्तीवर आम्ही चौघं. हे, मी, सातवीतली शीतल आणि माझ्या सासूबाई दगडाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. यांना चितेगावच्या कंपनीत काम लागलंय. वस्तीवरून रोज कच्च्या रस्त्यानं मोटारसायकल हाणत जातात आणि घरी येईपर्यंत धुळीनं पांढरे होतात. संक्रांत झाली की सामान हलवायचं ठरलंय. मी आजच फडताळातली अर्धी भांडी पोत्यात भरली.

८ जानेवारी, रविवार

जेवताना यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कामवाले साहेब म्हणाले, घाई नाही, इकडचं काम उन्हाळ्यातच सुरू होईल, तोवर राहा, पीक असेल तर काढून घ्या. पण आम्ही घर सोडलं की मीटर निघणार. विहिरीवरची मोटर त्याच मीटरवर आहे, म्हणजे तीही बंद.

विहीर सामाईक आहे, आमची आणि बांधापलीकडच्या चतुराबाईंची. मोटर आमची, पण पंचांनी मागं ठरवून दिल्याप्रमाणं मंगळवारी आणि शनिवारी पाणी त्यांच्या रानात जातं. चतुराबाई एकट्याच राहतात. मालक वारले. मुलगा बन्सी बजाजनगरला कंपनीत आहे. त्यांचीही जमीन गेली. दिवाळीत बन्सी न्यायला आला होता, तर म्हणाल्या, हातचं शेवटचं पीक काढून येते. आणि लावलं काय, तर बियाण्याचा कांदा! त्याला निघायला एप्रिल उजाडतो.

मी म्हटलं, "चतुराबाईंना सांगावं लागंल, पाणी बंद होणार म्हणून."

हे म्हणाले, "तिचं ती बघंल. पोरगा न्यायला आला तव्हा जायचं सोडून कांदा लावून बसली."

आत्याबाई आणि चतुराबाई अठरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. बांधावरच्या एका बाभळीवरून भांडण झालं. बाभळ गेली, भांडणारे दोघं नवरे गेले, अबोला राहिला. त्यामुळं मला वाटलं आत्याबाई खूश होतील. त्या म्हणाल्या, "लई शहाणी हाय ती! वाळू दे सगळं. मला काय त्याचं?" आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठल्या. कालवण खारट झालं होतं की काय, कोण जाणे.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत झाली. आम्ही निघणार नाही.

लिंबाखाली आमच्या शिवाराचा म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, पण आत्याबाईंना न विचारता त्याच्यासमोर कुणी चप्पल घालून जात नाही. आज सकाळी त्यांनी त्याला अंघोळ घातली, शेंदूर लावला आणि गव्हाचे दोन दाणे ओले करून त्याच्या अंगावर चिकटवले, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवा आधी पडला तर जा, डावा आधी पडला तर थांबा. असा कौल आमच्या आजेसासूबाईही लावायच्या म्हणे.

आम्ही सगळे हात जोडून बसलो. डावा पडला.

हे म्हणाले, "माय, अवं टेम्पोवाल्याला सांगितलंय मी."

"टेम्पोवाला म्हसोबापेक्षा मोठा हाय का?"

आईपुढं यांचं कधी चाललंय? मी पोत्यातली भांडी परत काढली. तवा आणि परात तरी लागणारच ना.

२ फेब्रुवारी, गुरुवार

वसंतपंचमी झाली, चांगला दिवस म्हणून काल परत कौल लावला. परत डावा. उजवा दाणा असा बसला होता की वारा सुटला तरी हलेना.

शीतल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मम्मी, आजी उजव्या दाण्याला गूळ लावती. मी पाहिलं."

मी तिला चांगलीच रागावले. देवाची थट्टा करू नये. नैवेद्याचा गूळ आत्याबाईंच्या हाताला असतोच, लागला असेल थोडा. पण मला रडू आलं, हे खरं. बिडकीनच्या त्याच गल्लीत दुसरं कुणीतरी गिरणी टाकणार असं पुंजाराम मिस्त्री परवा म्हणत होते. माझी मशीन प्लास्टिकखाली झोपलेली आणि देव म्हणतो थांब. मला देवाचं कळत नाही. लोकांना ताबडतोब पावतो आणि आमच्या घरात आला की त्याला कामच सुचत नाही.

लिहिलंय ते लिहिलंय. खोडत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

आज आत्याबाईंशी भांडले. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, "आत्याबाई, तुमचा देव मला बसवून ठेवू राहिला. माझी गिरणी गंजून जाईल."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मंग बसली काऊन? घर तिथं हाय, मशीन तिथं हाय, वीज तिथं हाय. देव ऱ्हायला जायाचं नाय म्हणतो. काम करू नको कुठं म्हणला?"

"म्हणजे रोज जाऊ?"

"बद्रीनाथ कंपनीत जातो, त्याच्या गाडीवर जा, शीतलच्या शाळेच्या टायमाला तिच्यासंग रिक्षानं ये. भाकऱ्या मी थापते. माझे हात काय झडले?"

मी बघतच राहिले. चौदा वर्षांत चुलीपुढची जागा त्यांनी मला अशी कधी सोडायला सांगितली नव्हती. हे तर बाहेरून ऐकून हसायलाच लागले.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

चालू केली! नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि बटण दाबलं. आवाजानं मीच चार पावलं मागं सरले.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या मनकर्णाबाई. डबा भरून गहू घेऊन आल्या. मी दळून दिलं. अर्ध्या तासानं परत आल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "बाई, हे पीठ हाय का लापशी?"

लाजेनं मेल्यासारखं झालं. गिरणीचे दोन्ही दगड एकमेकांपासून फार लांब ठेवले होते. पुंजाराम मिस्त्री येऊन चाक आवळून गेले, तर पीठ इतकं गरम यायला लागलं की जळका वास सुटला. मग मनकर्णाबाईंनीच स्टूल ओढून घेतलं. त्यांच्या माहेरी गिरणी होती. "हाताला लागलं पाहिजे पीठ," म्हणाल्या, "डोळ्यानं नाय समजत." चिमूट चिमूट घेऊन बोटांत चोळायला शिकवलं. संध्याकाळी मी केसांपासून पायांपर्यंत पिठानं माखून घरी आले. शीतल म्हणाली, आता पप्पा धुळीचे आणि मम्मी पिठाची.

आत्याबाईंनी गरम पाणी काढून ठेवलं होतं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

महाशिवरात्र. दोन दिवस उपवासाची भगर आणि राजगिरा दळून देताना मान वर करायला वेळ मिळाला नाही. शीतल म्हणते मी झोपेत पण "पुढचा डबा" म्हणते. गल्लीत दुसरी गिरणी टाकणारा होता तो अजून आला नाही. आता आला तरी मला भीती वाटत नाही. बायका मला नावानं ओळखायला लागल्यात.

रोजचं येणं-जाणं जड जातं, कंबर धरते. पण चिडचिड पहिल्यासारखी होत नाही.

५ मार्च, रविवार

रविवारी गिरणी दुपारपर्यंतच ठेवते. आज लवकर आले तर चतुराबाईंचं रान पाहून थबकले. कांद्याला गोंडे आलेत. पांढरे गोल गोल, चेंडूसारखे, सगळं रान भरून, आणि त्यांच्यावर मधमाश्यांचा असा गुंजारव की आपल्या कानात काहीतरी शिरलंय असं वाटावं. आजूबाजूची सगळी रानं उजाड पडलीत. लोक निघून गेलेत. त्यात हा एकच तुकडा उभा.

आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "वळू शिरला का म्हून बघाय आले." वळू कुठं दिसला नाही.

तेवढ्यात चतुराबाई खोपटातून बाहेर आल्या. या दोघींना बोलायचं असलं की आमच्या कुत्र्याला मध्ये घालतात. आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय रे पिंट्या, काही लोकांला पाट साफ करायची अक्कल नाय, पाणी कुठं पण चाललंय."

पलीकडून चतुराबाई म्हणाल्या, "पिंट्या, ज्याला दुसऱ्याचा पाट दिसतो त्यानं आपला बघावा. परवा शुक्रवार व्हता, माझी पाळी नव्हती, मंग पाणी माझ्या रानात कसं आलं म्हणावं?"

पिंट्या बिचारा दोघींकडं शेपूट हलवत बसला. घरी येऊन मी विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "उंदरांनी पाट फोडला. बिळं झालीत." त्या उंदरांचा बंदोबस्त करायला हवा. महिन्याभरात पाट तीनदा फुटला, आणि फुटतो तो चतुराबाईंच्याच बाजूला. ऊन तापलंय, आपलं पाणी असं वाया जाणं बरं नाही. मी यांना सांगितलं, तर यांनी आत्याबाईंकडं एकदा पाहिलं आणि गाडी पुसायला घेतली.

१५ मार्च, बुधवार

दुपारीच आभाळ भरून आलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "गारा पडणार, घरी जा." रिक्षा मिळाली म्हणून बरं. वस्तीवर पोचले तर घर उघडं आणि आत्याबाई कुठं नाहीत. लिंबाखाली सापडल्या. म्हसोबापुढं बसल्या होत्या. आज दाणे नव्हते, शेंदूर नव्हता. पदर डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले आणि ओठ हलत होते. वाऱ्यानं धूळ उडत होती ती डोळ्यांत जात होती तरी पापणी लवत नव्हती.

मी म्हटलं, "आत्याबाई, उठा, वीज पडंल इथं."

"पडू दे."

मी पण मग शेजारी बसले. काय मागावं ते सुचेना, म्हणून त्या जे मागत असतील ते द्या असं म्हटलं. मनात आलं, त्यांनाही आता जाण्याची घाई झाली असणार, म्हणून देवाला एवढं विनवतात.

मग विचारलंच, "देव इतकं थांबवतो काऊन आत्याबाई?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तो थांबवत नाय बया. तो कुणाकुणाची सोय लावू राहिला ते आपल्याला दिसत नाय. आपण आपलंच घर मोजतो."

थोडे टपोरे थेंब पडले. मग वारा फिरला.

१६ मार्च, गुरुवार

पलीकडच्या शिवारात गारांनी गव्हाची नासाडी झाली म्हणे. आमच्याकडं नुसता शिडकावा. आत्याबाईंनी सकाळी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. आमचं तर सगळं पीक कधीच घरात आलंय, आमचं काय जाणार होतं? पण त्यांना फार आनंद झाला. शीतलला दोनदा गूळ दिला.

२२ मार्च, बुधवार

पाडवा मंगळवारी आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्याला ना पंचांग बघावं लागतं ना कौल. यांनी टेम्पो पक्का केला, नव्या घराच्या दाराला तोरण आणून ठेवलं. मी मनकर्णाबाईंना जेवायला या म्हणून सांगून बसले.

आणि आत्याबाई म्हणतात, दाणे लावते!

मी म्हटलं, "पाडव्याला कुणी कौल लावतं का?" त्यांनी लावला. डावा पडला.

हे पहिल्यांदाच ओरडले. "बस झालं माय! मी रोज मरू राहिलो त्या रस्त्यानं. आशा दळण दळून घरी येऊन परत कामाला लागती. तुझ्या दगडाला आमची कदर हाय का नाय?"

आत्याबाई उठल्या. यांच्या दंडाला धरलं आणि चला म्हणून बांधाकडं घेऊन गेल्या. मी ओट्यावरून बघत होते. दोघं चतुराबाईंच्या रानाकडं तोंड करून उभे होते. आत्याबाई हात करून काहीतरी दाखवत होत्या. हे आधी मान हलवत होते, मग खाली बघायला लागले.

परत आले ते शांत. मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एप्रिलात जाऊ."

"काय म्हणाल्या?"

"काय नाय. म्हणली, म्हसोबाचं आइक."

मी यांच्याकडं बघतच राहिले. इतकं रागावलेलं माणूस दोन शब्दांत असं निवतं? म्हसोबात काहीतरी आहे, एवढं मात्र आज मला पटलं.

२८ मार्च, मंगळवार, पाडवा

गुढी जुन्याच घरावर उभारली. चतुराबाईंनीही खोपटावर उभारली. सगळ्या शिवारात दोनच गुढ्या. मला सकाळी वाईट वाटलं होतं, पण दोन्ही गुढ्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या तेव्हा वाटलं, पुढच्या वर्षी इथं काय असेल कोण जाणे. एक पाडवा जास्तीचा मिळाला. आत्याबाईंनी पुरणपोळ्या केल्या आणि दोन जास्तच झाल्या. म्हणाल्या, "पिंट्याला दे." मग स्वतःच ताटलीत झाकून पिंट्याला घेऊन बांधाकडं गेल्या. ताटली रिकामी आली. पुरणपोळीवर तूप होतं. कुत्र्याला एवढे लाड!

९ एप्रिल, रविवार

आज सकाळी आत्याबाई मला आणि शीतलला म्हणाल्या, "रिकाम्या बसू नका. चतरीचे शेवटचे गोंडे काढायचे हायेत. बन्सी येतो म्हणला व्हता, त्याला सुट्टी नाय मिळाली. जा. आन मी पाठवलं म्हणू नका."

तिचं पीक किती झालं ते बघून यायला पाठवलं असणार, मला असंच वाटलं. म्हातारपणी माणसाला असल्या चौकशा लागतात.

पण गेले ते बरं झालं. पिकलेला गोंडा कापला की आत काळं काळं बी दिसतं. हाताला बारीक काट्यासारखं लागतं आणि कांद्याचा वास बोटांतून जात नाही. चतुराबाई वाकून वाकून काढत होत्या, वय झालंय तरी आमच्यापेक्षा भराभर. दुपारी सावलीला बसलो. म्हणाल्या, "आशे, मी लगीन होऊन आले तव्हा पहिलं पीक ह्याच तुकड्यात कांदाच घेतला व्हता. म्हून शेवटचा बी कांदाच लावला. बन्सी म्हणला, येडी झाली का माय. असंल बया येडी."

"चांगलं आलं की पीक," मी म्हटलं.

"आलं. मला वाटलं नव्हतं. तुम्ही संक्रांतीला जाणार असं ऐकलं व्हतं, तव्हाच मी समजले, गेलं आपलं पाणी." आणि आमच्या घराकडं बघत राहिल्या. "देव हाय म्हणायचं."

"आमच्या म्हसोबानंच आम्हाला थांबवलं," मी सांगितलं.

चतुराबाई हसल्या. डोळे पुसले, परत हसल्या. म्हणाल्या, "व्हय. तुमचा म्हसोबा लई खट हाय. बाभळीसाठी अठरा वर्षं तोंड फिरवून बसला व्हता."

म्हसोबाचा आणि बाभळीचा काय संबंध ते मला कळलं नाही. ऊन लागलं असेल त्यांना.

११ एप्रिल, मंगळवार, हनुमान जयंती

कौल लावला. दाणे चिकटवले न चिकटवले तोच उजवा टपकन पडला. मी आनंदानं ओरडलेच. शीतल म्हणाली, "आज गूळ नव्हता." मी तिला चापट मारली, पण हळू.

परवा गुरुवार. गुरुवारी निघायचं. मुहूर्त काढलेला नाही, पंचांग बघितलेलं नाही. म्हसोबा म्हणाला तोच मुहूर्त.

१३ एप्रिल, गुरुवार

आलो. नव्या घरात बसून लिहिते. पाय दुखतायत, पंखा जोरात फिरतोय.

यांनी विचारलं होतं, म्हसोबाचा दगड बरोबर घ्यायचा का. आत्याबाई म्हणाल्या, "तो शिवाराचा राखणदार, त्याला घरात कोंडायचं नाय. त्याचा काय मीटर निघणार हाय?" कामवाल्या साहेबांनी सांगितलंय, रस्त्याच्या कडेला चौथरा करून बसवू. आत्याबाईंनी त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं, तेही दोनदा.

टेम्पो भरत होतो तेव्हा चतुराबाई आल्या. त्यांचीही बोचकी बांधून झाली होती, बन्सी दुपारी गाडी घेऊन येणार होता. त्यांनी काळ्या बियाण्याची पुरचुंडी आणली होती. पिंट्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "पिंट्या, सांग, नव्या घरी आंगण असंल तर लावा म्हणावं."

आत्याबाईंनी पुरचुंडी उचलली. मग पिंट्याकडं बघितलंच नाही. सरळ चतुराबाईंकडं बघितलं.

"तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाणार म्हणं तू?"

"व्हय."

"जिना हळू चढ. गुडघे धरत्यात तुझे. आन बीपीची गोळी सकाळीच घे, इसरती तू."

"घेते."

आम्ही सगळे थांबलो. टेम्पोवाल्यानं पण गाडी बंद केली. आता काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. पण आत्याबाई म्हणाल्या, "चला, ऊन व्हऊ राहिलं," आणि पुढं जाऊन बसल्या.

वाटभर त्यांनी पुरचुंडी हातात घट्ट धरली होती. पदर तोंडाशी धरून बसल्या. धूळ फार होती. मी एवढंच नवल करत होते की चतुराबाईंना बीपीची गोळी आहे हे आत्याबाईंना कसं माहीत.

मनकर्णाबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, संक्रांतीला आलो असतो तर मला ह्या गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. आज बघा, सात बायका सामान उतरवायला आल्या. देवाला वेळ बरोबर कळते."

"कळती," आत्याबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. चेहरा थकलेला, पण इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

२३ एप्रिल, रविवार

दहा दिवसांत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, सगळं बरं चाललंय. हे वेळेवर घरी येतात. शीतलनं अंगणातल्या वाफ्यात पाणी घालायचा नाद लावून घेतलाय. आत्याबाई गाळ्याच्या पायरीवर बसून कुणाचा डबा कधीचा ते सगळं लक्षात ठेवतात. एका बाईनं रांग मोडली तर तिला अशी झाडली की ती दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली.

आज सकाळी मला म्हणाल्या, "बन्सीला फोन लाव गं. इथं रेंज येती का बघायचं हाय."

मी लावून दिला. रेंज चांगली आहे, कारण अर्धा तास बोलत होत्या, आणि पलीकडून चतुराबाईंचा आवाज मला गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटातही ऐकू येत होता. फोन ठेवून म्हणाल्या, "चतरी यायची हाय शनिवारी. मागच्या खोलीत गादी टाक."

"काय काम काढलं त्यांनी?"

"काम कशाचं? भांडाय येऊ राहिली. अठरा वर्षांचं ऱ्हायलंय, ते काय एका दिवसात आटपतं? चार दिवस ऱ्हाईल."

मला काळजीच वाटते. नवी गल्ली, नवे शेजारी, आणि या दोघी चार दिवस भांडणार. आत्याबाईंनी गादीला नवा अभ्रा घालायला सांगितलाय, आणि कांदा न घातलेली थोडी वेगळी चटणीही करून ठेवायची आहे, चतुराबाईंना रात्री कांदा सोसत नाही म्हणे. बघू. शनिवारी गिरणी जरा लवकर बंद करीन.